वादक आणि नर्तक : आयर्लंड व ॲपलेशियन पर्वतप्रदेश येथील लोकसंगीताचा प्रत्यक्ष प्रयोग

आयर्लंडमधील पारंपरिक वादक-नर्तक आणि अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतप्रदेशाचे लोककलावंत यांना एकाच रंगमंचावर आणून त्यांची कला शेजारी शेजारी सादर करण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. अशा प्रसंगी बहुधा एक स्पष्टीकरण दिले जाते. अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातून हजारो कुटुंबे अमेरिकेत गेली. त्यांपैकी अनेक कुटुंबे व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी या भागांतील डोंगरदऱ्यांत वसली. त्यांनी आपल्या धुना व आपले फिडल बरोबर नेले. सबब या दोन्ही परंपरा एकाच वृक्षाच्या शाखा होत. हे स्पष्टीकरण खोटे नव्हे; परंतु ते अपुरे आहे. 'सोल्जर्स जॉय'सारखी एखादी धून दोन्हीकडे वाजविली जाते हे खरे. तथापि ती कोणासाठी वाजविली जाते, किती वेळ वाजविली जाते आणि तिच्यावर पाऊल कसे पडते, याचा विचार केला म्हणजे साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा ठरतो. नृत्यासाठी जन्मलेल्या संगीताचे रूप स्वरलिपीत पूर्णपणे सापडत नाही. वादक व नर्तक यांच्यातील प्रत्यक्ष व्यवहारातच ते सिद्ध होते. प्रस्तुत लेखात या व्यवहाराचे स्वरूप विशद केले आहे.

१. आयर्लंड : चरण आणि पाऊल

आयरिश नृत्यधुनेची घडण अत्यंत नियमबद्ध असते. सर्वसामान्य धुनेचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ बारांचा (बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातील तालाचा एक विभाग) असून तो दोनदा वाजविला जातो. म्हणजे एक आवर्तन बत्तीस बारांचे होते. 'रील' या प्रकारात चारांची समगती असते, 'जिग'मध्ये तीन-तीन मात्रांचे दोन गट असतात, तर 'स्लिप जिग'मध्ये असे तीन गट मिळून नऊ मात्रा होतात. 'हॉर्नपाइप'ची चाल मूळची चारांचीच. परंतु तिच्यात स्वरांची लांबी-आखूड जोडी असल्यामुळे तिला एक प्रकारची डौलदार झोकांडी येते.

या घडणीचे मर्म नर्तकाकडे पाहिले असता उलगडते. एकल नृत्यात नर्तक एक पदबंध उजव्या पायाने आरंभून आठ बारांत पूर्ण करतो आणि पुढील आठ बारांत तोच पदबंध डाव्या पायाने करतो. धुनेच्या भागाची पुनरावृत्ती आणि पायांची अदलाबदल ही परस्परांस तंतोतंत जुळतात. सामूहिक नृत्यातही युगुलांच्या हालचाली आठ-आठ बारांनी मोजल्या जातात. त्यामुळे वादकाने अर्धा बार गाळला किंवा वाढविला तर नृत्यच मोडेल. आयरिश वादकाची कल्पकता या चौकटीच्या आतच वावरते. मूळ सुरावट सर्व वादक एकत्रितपणे वाजवितात. प्रत्येकाचे स्वातंत्र्य असते ते अलंकरणात, म्हणजे मुख्य स्वराला आजूबाजूच्या स्वरांचा क्षणिक स्पर्श देण्यात, व पुनरावृत्तीच्या वेळी एखादी जागा बदलून घेण्यात. कोपराखालील भात्याने वारा भरला जाणारा 'इलन पाइप्स' हा आयरिश पावा, फिडल, लाकडी बासरी व कॉन्सर्टिना या सर्वांना हाच नियम लागू आहे. दोन-तीन आवर्तनांनंतर न थांबता दुसऱ्या धुनेत प्रवेश करण्याची पद्धतही येथे सर्वत्र आढळते.

वादक-नर्तकांची ही जोडी जुनी आहे. इंग्रज प्रवासी आर्थर यंग याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयर्लंडच्या प्रवासवर्णनात झोपडी-झोपडीतून हिंडणाऱ्या नृत्यशिक्षकांची नोंद आहे. त्यांच्याबरोबर पावा वाजविणारा किंवा अंध फिडलवादक असे. शिक्षक व वादक एकत्र हिंडत असल्यामुळे धून आणि पाऊल ही दोन्ही एकाच वेळी शिकविली जात. पश्चिमेकडील कॉनेमारा भागातील 'शान-नोस' म्हणजे 'जुन्या रीतीचे' नृत्य पाहिले असता या नात्याचे स्वरूप स्पष्ट होते. त्यात पाय जमिनीलगत राहतात, हात मोकळे असतात, ठरीव क्रम नसतो. नर्तक वादकाच्या सुरावटीला पायांच्या ठोक्यांनी तत्क्षणी उत्तर देतो. तेथे नर्तक हा वस्तुतः तालवादकच असतो.

२. पर्वतप्रदेश : पुकारा आणि लय

ॲपलेशियन परंपरेत या व्यवहाराची मांडणी वेगळी आहे. येथील मुख्य जोडी फिडल व बॅन्जो यांची. त्यांपैकी बॅन्जो हे वाद्य आयर्लंडमधून आलेले नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून ते अमेरिकेत घडले. जुन्या पद्धतीत बॅन्जोवादक नखाने तारेवर खाली आघात करतो व अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडतो; त्यामुळे सुरावट आणि ठेका एकाच हातातून निघतात. फिडलवादकही अनेकदा वाद्याच्या तारा नेहमीपेक्षा निराळ्या स्वरांत लावतो, जेणेकरून मोकळी तार सतत घुमत राहावी. काही ठिकाणी दुसरा मनुष्य फिडलच्या मानेजवळ तारांवर बारीक काड्यांनी ठोके देतो. एकंदरीत सर्व भर अखंड लयीवर असतो.

या भेदाचे कारण पुन्हा नृत्यातच आहे. पर्वतप्रदेशातील समूहनृत्यात कोणती आकृती केव्हा करावयाची हे धुनेचा चरण ठरवीत नाही. ते 'पुकारा' करणारा मनुष्य ठरवितो. तो मोठ्याने सूचना देतो, युगुले त्याप्रमाणे वळतात, आणि एक आकृती सर्वांची पुरी झाली म्हणजे तो पुढची सूचना देतो. नर्तकांना संगीताकडून हवी असते ती केवळ स्थिर गती. आकृती चरणाच्या मध्यावर संपली तरी कोणाचे अडत नाही. म्हणूनच येथील फिडलवादक एकच धून दहा-पंधरा मिनिटे वाजवू शकतो, आणि म्हणूनच एखाद्या भागात एक-दोन मात्रा अधिक किंवा उण्या असलेल्या 'वाकड्या' धुना येथे सुखाने नांदू शकल्या. आयरिश नृत्यात जो दोष ठरला असता तो येथे धुनेचा स्वभाव ठरला.

पुकाऱ्याच्या प्रथेचा इतिहासही उद्बोधक आहे. इंग्रज संग्राहक सेसिल शार्प हा १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलीस हिच्यासह या प्रदेशात हिंडला. १९१७ मध्ये केंटकीतील पाइन मौंटन येथील शाळेत त्याने एक समूहनृत्य पाहिले. मंद दिव्याच्या उजेडात, बघ्यांच्या टाळ्यांच्या व पायांच्या ठोक्यांच्या साथीवर चाललेल्या त्या नृत्याने तो भारावून गेला. १९१८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना हे नृत्य म्हणजे १६५१ च्या प्लेफोर्डच्या नृत्यसंग्रहाहूनही प्राचीन अशा इंग्रजी नृत्याचा अवशेष होय, असे मत त्याने मांडले. पुढील संशोधनाने, विशेषतः फिल जेमिसन यांच्या २०१५ मधील ग्रंथाने, हे मत टिकण्यासारखे नाही हे दाखवून दिले. या नृत्यात ब्रिटिश बेटांतील रील, फ्रेंच वळणाची कोटिलियन व क्वाड्रिल ही नृत्ये यांचे मिश्रण आहे. आणि आकृत्या पुकारून सांगण्याची प्रथा प्रथम रुजविली ती गोऱ्यांच्या नृत्यसभांत वाजविणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांनी. शार्प इंग्रजी मूळ शोधावयास गेला होता. समोरच्या प्रयोगातील सर्वांत प्रभावी घटकाचा उगम त्यामुळे त्याच्या नजरेतून निसटला.

३. घरातून सभागृहात

दोन्ही परंपरांचे मूळ स्थान म्हणजे घर. विसाव्या शतकात हे स्थान बदलले. आयर्लंडमध्ये १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने सार्वजनिक नृत्यास परवाना आवश्यक ठरविला. कायद्याचा रोख सार्वजनिक नृत्याकडे असला तरी पाद्री व पोलीस यांनी अनेक ठिकाणी त्याचा बडगा घरगुती नृत्यांवरही उगारला. क्लेअर परगण्यातील फिडलवादक ज्युनिअर क्रेहन (१९०८–१९९८) यांनी या ऱ्हासाची खंत पुढे अनेकदा बोलून दाखविली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : कायद्याने एकाही धुनेवर बंदी घातली नव्हती. त्याचा आघात झाला तो धून जेथे वाजत असे त्या खोलीवर. परंतु खोलीबरोबर वादकाचे कामही गेले. स्थलांतर व आधुनिक नृत्याची आवड यांनी उरलेला भाग पूर्ण केला. मोठ्या सभागृहासाठी मोठा आवाज हवा म्हणून पियानो, ड्रम व ॲकॉर्डियन यांसह 'केयली बँड' पुढे आले आणि एकट्या फिडलवादकाचे बारीक अलंकरण समूहाच्या नादात विरून गेले.

राष्ट्रीय पुनरुज्जीवनाचीही दुसरी बाजू होती. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगने नृत्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु क्वाड्रिलपासून निघालेली खेड्यांतील 'सेट' नृत्ये परकीय म्हणून बाजूस सारली. स्पर्धांमुळे एकल नृत्याचे तंत्र विलक्षण प्रगत झाले. कठीण तळव्याच्या बुटांनी एका बारात अधिकाधिक ठोके बसावेत म्हणून स्पर्धेतील हॉर्नपाइपची गती इतकी मंदावली की, बैठकीत वाजणारी तीच धून वेगळी वाटावी. १९९४ मध्ये डब्लिन येथील युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात सादर झालेल्या 'रिव्हरडान्स'ने हे तंत्र जगभर पोहोचविले. पण तेथे नर्तकांची रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी होती, वादकाकडे नव्हे.

पर्वतप्रदेशात असाच पालट १९२८ नंतर दिसतो. त्या वर्षी बॅस्कम लमार लन्सफर्ड याने नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे पर्वतीय नृत्य व लोकसंगीताचा महोत्सव भरविला. त्यात समूहनृत्यांची चढाओढ लागली. पूर्वी व्यक्ती व्यक्ती स्वतंत्रपणे करीत असलेला पदाघात समूहाच्या आकृत्यांत मिसळला आणि संघनृत्याचा 'क्लॉगिंग' हा प्रकार आकारास आला. सॅम क्वीन यांच्या सोको गॅप संघाने १९३९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ब्रिटनच्या राजा-राणीपुढे नृत्य केले. पुढे बुटांना धातूच्या पट्ट्या लागल्या व काही संघांत सर्वांची पावले एकसारखी करण्याचा आग्रह वाढला. महोत्सवाने कला जगविली, यात संशय नाही. मात्र शेजाऱ्याचे पाऊल आपल्याहून निराळे असावे ही जुनी मोकळीक त्यात आकुंचित झाली.

४. वही आणि तबकडी

संग्रहाच्या साधनांनीही असाच दुहेरी परिणाम केला. कॉर्क परगण्यात जन्मलेला व शिकागोचा पोलीसप्रमुख झालेला फ्रान्सिस ओनील याने १९०३ मध्ये १,८५० व १९०७ मध्ये १,००१ धुनांचे संग्रह प्रसिद्ध केले. त्याला स्वतःला स्वरलेखन येत नव्हते. तो धुना वाजवून दाखवी आणि जेम्स ओनील हा सहकारी त्या लिहून घेई. या ग्रंथांचे ऋण फार मोठे आहे. पण त्यांत धून एकदाच, एकाच रूपात गोठलेली दिसते. तबकडीने सूर जिवंत ठेवला, तथापि नर्तकाला वगळले. स्लायगोत जन्मलेल्या मायकेल कोलमन (१८९१–१९४५) याने १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये दिलेली ध्वनिमुद्रणे आयर्लंडला परत गेली आणि तेथील तरुणांनी त्याच्या शैलीपुढे आपापल्या गावची रीत सोडली. एका बाजूस सुमारे तीन मिनिटांची मर्यादा असलेल्या तबकडीत पर्वतप्रदेशातील दीर्घ, आवर्तनशील वादन तर मावणेच अशक्य होते. शिवाय अमेरिकन कंपन्यांनी कृष्णवर्णीय व गौरवर्णीय कलावंतांच्या तबकड्यांच्या निराळ्या मालिका काढल्या. त्यामुळे प्रत्यक्षात मिसळलेली परंपरा विक्रीच्या यादीत दोन वर्णांची दोन संगीते बनली.

उलट, प्रत्यक्ष सहवासाने काय साधते याचे उदाहरण टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांचे आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या राउंड पीक भागातील हे फिडल व बॅन्जोवादक रस्तेबांधणी खात्यातील नोकरीतून १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर देशभरातून तरुण त्यांच्या घरी येऊन राहत व समोर बसून शिकत. धनुष्याचा झटका कोठे द्यावा व पाय कोठे आपटावा हे त्यांना कागदावरून मिळाले नसते. आयर्लंडमध्ये पावावादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने १९७३ पासून मिलटाउन मॅलबे येथे भरू लागलेल्या उन्हाळी शाळेनेही हेच तत्त्व स्वीकारले. तेथे वादनाबरोबर नृत्याचेही वर्ग झाले आणि १९८० च्या दशकात 'सेट' नृत्यांनी पुन्हा जोर धरला.

या विवेचनावरून लोककलेच्या अभ्यासकास एक कार्यपद्धती सुचते. धुनेचे लेखन करताना स्वरांबरोबर तिची गती, तिची किती आवर्तने झाली, समोर कोण नाचत होते, जमीन दगडी होती की लाकडी आणि थांबण्याची खूण कोणी केली, यांचीही नोंद झाली पाहिजे. या गोष्टी प्रयोगाची बाह्य सजावट नव्हेत. धुनेला विशिष्ट आकार का आला याची कारणे त्यांतच असतात. आयरिश धून चौकोनी का राहिली आणि पर्वतप्रदेशातील धून वाकडी का होऊ शकली, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडच्या वह्या पडताळून मिळाले नसते. ते नर्तकांच्या पायांशी होते.