जमिनीखालचा खडक नकाशावर आणताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खडवली स्टेशनवरून भातसा नदीत उतरले की पात्रात काळा कातळ दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा दख्खनचा बेसॉल्ट. कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधनविहीर घेतली, तेव्हा हे थर सुमारे १,२५० मीटर जाडीचे निघाले. त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. अशा थरांचे त्रिमितीय प्रारूप संगणकावर तयार होते. मात्र विहिरीची जागा ठरवणाऱ्याच्या हाती असतो तो क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमधला नकाशा. प्रारूप तिथे नेताना काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह केली की काम झाले.
वस्तुस्थिती : प्रारूपात घनाकार असतात, नकाशात मुख्यतः बिंदू, रेषा, क्षेत्रे आणि चौकटींची जाळी. म्हणून प्रत्येक थराचा माथा आणि तळ वेगवेगळ्या जिओटिफमध्ये, म्हणजे चौकटींच्या जाळीच्या फाइलीत, काढावा लागतो. माथ्यातून तळ वजा केला की थराची जाडी मिळते.

गैरसमज : जिओटिफमध्ये कोणताही आकार मावतो.
वस्तुस्थिती : त्याच्या एका चौकटीत एकच उंची बसते. कोकणपट्टीत लाव्हाच्या थरांना छेदून भिंतीसारखे उभे राहिलेले डाइक आहेत. उभ्या भिंतीला एकाच जागी अनेक उंची असतात. त्यामुळे डाइक रेषा म्हणून आखावा आणि त्याची रुंदी व कल तक्त्यात नोंदवावा. ही रेषा गाळून चालत नाही, कारण डाइक भूजल अडवू शकतो. मग त्याच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी असते, दुसरीला नसते.

गैरसमज : अक्षांश-रेखांश दिले म्हणजे जागा पक्की.
वस्तुस्थिती : अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या गृहीत आकारावरून मोजले, ती आधारपद्धती. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट आधारपद्धतीवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. दोन्हींची सरमिसळ झाली तर आपल्या भागात जागा सुमारे शंभर मीटर सरकते. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात खडवली ४३ उत्तर विभागात येते. आधारपद्धती आणि विभाग यांची नोंद फाइलीत असायलाच हवी.

उंचीचेही तसेच. जीपीएसची मूळ उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत इथे साठेक मीटरचा फरक पडतो. शिवाय खोली आणि उंची एक नव्हे. समजा, बोअरचे तोंड समुद्रसपाटीपासून ३० मीटरवर आहे आणि एखादा थर १२ मीटर खोल लागला. तर नकाशात त्याची उंची १८ मीटर लिहायची, १२ नव्हे.

गैरसमज : शेपफाइल सगळ्याला पुरते.
वस्तुस्थिती : नकाशातले आकार आणि त्यांचा तक्ता ठेवणाऱ्या या फाइलीत रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. ‘खोली’ या शब्दात मात्रांसह चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट. तेवढेही नाव तिथे पूर्ण मावत नाही. जिओपॅकेज या दुसऱ्या फाइल-प्रकारात ही अडचण येत नाही.

गैरसमज : नकाशावर रंग भरला म्हणजे खाली तोच खडक आहे.
वस्तुस्थिती : दोन बोअरच्या मधला भाग हा अंदाज असतो. म्हणून बोअरचे बिंदू नकाशावर वेगळे दाखवलेच पाहिजेत.

प्रारूप दुसऱ्याच्या हाती देताना आधारपद्धती, उंचीचा संदर्भ, एकके आणि बोअरच्या जागा एवढे चार तपशील सोबत लिहून द्या. त्या नकाशावर विसंबून कुणीतरी पदरचे पैसे घालून विहीर खोदणार आहे.