नकाशावाल्यांच्या मेळाव्यात सोलापूरचं काय काम?

'सिद्धेश्वर' हे नाव एकदा मोबाईलवर सावकाश टाईप करून बघा. आधी 'स' येतो, मग वेलांटी. वेलांटी टाईप केली नंतर, पण जाऊन बसली 'स'च्या आधी. पुढे 'द'चा पाय मोडून त्याला 'ध' जोडायचा, म्हणजे तीन कळा दाबल्या आणि अक्षर तयार झालं एकच. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण पहिलीपासून हात बसलेला असतो. कॉम्प्युटरला मात्र हे सगळं शिकवावं लागतं. मोबाईलला आणि ब्राउझरला ते शिकवून झालंय. वेबवरच्या नव्या पद्धतीच्या कित्येक नकाशांना मात्र ते बरीच वर्षं येत नव्हतं.

कारण साधं आहे. तुम्ही बोटांनी नकाशा फिरवता, तिरका करता, झूम करता, तेव्हा त्यावरचं प्रत्येक नाव नव्यानं काढावं लागतं. ते झटपट व्हावं म्हणून प्रत्येक अक्षराचं चित्र आधीच करून ठेवतात आणि नाव आलं की चित्रं ओळीनं मांडतात. लहान मुलांचे ठोकळे असतात तसं. इंग्रजीचं यात भागतं. 'अक्कलकोट' आलं की एक 'क', त्याच्यापुढे सुटा पडलेला पाय, मग दुसरा 'क' अशी रांग लागते. सिद्धेश्वरमध्ये तर वेलांटी 'स'च्या मागे राहते. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याला मोडलेलं नाव आणि नीट नाव यातला फरक कळणारच नाही. तुम्हाला तो अर्ध्या सेकंदात कळेल. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावर बसून लांबून पाटी वाचलीत, तरी कळेल!

अलीकडच्या काही वर्षांत यावर बरेच मार्ग निघालेत. जोडाक्षरं आधीच जोडून ती फॉन्टमध्ये भरून ठेवणं हा त्यातला एक. हे काम करणारे लोक एकमेकांना भेटतात, भांडतात, आपलं काम दाखवतात, ती जागा म्हणजे डिजिटल नकाशांच्या परिषदा. 'परिषद' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि प्रमाणपत्रासाठी सही करून कॅन्टीनला गेलेली पोरं येतात. (कबूल करा, तुम्हीही गेलाय.) या परिषदा जरा वेगळ्या असतात. आणि त्यात इंजिनिअरिंगवाल्यांचंच काम आहे असंही समजू नका. भूगोलवाले, मराठीवाले, समाजशास्त्रवाले, सगळ्यांना तिथे जागा आहे.

या परिषदांचे ढोबळ दोन प्रकार आहेत आणि दोन्ही आपल्या शेजारी, हैदराबादला, २०१७ च्या एकाच जानेवारी महिन्यात झाले होते. पहिली जिओस्पेशियल वर्ल्ड फोरम. मोठ्या कंपन्या, सरकारी खाती, प्रदर्शनाचे हॉल, सूटबूट आणि व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण. दुसरी फॉसफोरजी-आशिया, म्हणजे नकाशाच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद. इथे टी-शर्ट आणि स्टिकर लावलेले लॅपटॉप. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची जागतिक भूस्थानिक परिषदही हैदराबादलाच भरली. हुसेनसागर एक्सप्रेस आपल्याच स्टेशनातून हैदराबादला जाते. म्हणजे जगभरचे नकाशेवाले विमानानं जिथे उतरले, तिथे सोलापूरचं पोरगं रेल्वेनं पोचू शकलं असतं.

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं आधी दुसऱ्या प्रकाराकडे वळावं. पहिल्या ठिकाणी तुम्ही गिऱ्हाईक नसता आणि विक्रेतेही नसता, त्यामुळे स्टॉलवरचे पेन गोळा करून परत येण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या ठिकाणी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस चहाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो. फॉसफोरजी या नावानं २००६ मध्ये लॉझानला परिषद भरली होती. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. त्यांची 'स्टेट ऑफ द मॅप' परिषद पहिल्यांदा २००७ मध्ये मँचेस्टरला भरली. तिची आशियाई परिषद २०१७ मध्ये काठमांडूला आणि २०१८ मध्ये बंगळुरूला झाली होती.

मोठ्या फॉसफोरजीत सुरुवातीला कार्यशाळा असतात. लॅपटॉप घेऊन बसायचं आणि शिकवणाऱ्याबरोबर करत जायचं. मग मुख्य भाषणं. अर्धा तास किंवा त्याहून कमी वेळ, आणि त्यातच प्रश्नोत्तरं. काही भाषणं तर पाचच मिनिटांची, घंटा वाजली की खाली उतरायचं. आपल्याकडच्या काही प्रमुख पाहुण्यांना हा नियम लावून बघायला हवा! शेवटी कोड स्प्रिंट, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करायच्या. कोड येत नसेल तर भाषांतर करा, मदतीची पानं लिहा, चुका शोधून नोंदवा. मोडलेलं 'अक्कलकोट' दाखवून देणं हे तिथे रीतसर काम असतं.

एक अख्खा रविवार मी जुन्या परिषदांची रेकॉर्डिंग बघण्यात घालवला. फॉसफोरजीची बरीच भाषणं जर्मनीतल्या एका ग्रंथालयाच्या व्हिडिओ संग्रहात आणि यूट्यूबवर फुकट आहेत. तासाभरात माझ्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त कान टवकारले जातात ते तंत्राच्या भाषणांना नाही. 'आमच्या गावात अशी अडचण होती, आम्ही असं केलं' असं कुणी सांगायला लागलं की प्रश्न थांबत नाहीत.

आणि अडचणी आपल्याकडे काय कमी आहेत?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तो आठवा. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर. आपल्या जिल्ह्यात अर्धं गाव गावठाणात राहतच नाही, ते रानातल्या वस्तीवर राहतं. शिंदे वस्ती, माने वस्ती, अमुक मळा. गावात कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील. बाहेरून आलेल्या बचाव पथकाच्या हातात मात्र नकाशा असतो आणि त्यावर ती वस्ती नसेल तर तिथे फक्त हिरवा तुकडा दिसतो. घर उपग्रहाच्या चित्रात दिसेलही, पण 'माने वस्तीवर सहा जण अडकलेत' असा फोन आला, तर त्या पन्नास पत्र्यांतला माने वस्तीचा पत्रा कुठला? हे उपग्रह सांगू शकत नाही. ते त्या गावातून रोज एसटीनं कॉलेजला येणारी मुलगी सांगू शकते.

काठमांडूत हेच केलं गेलं. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्स' या संस्थेनं स्थानिक तरुणांना हाताशी धरून शहरातल्या शाळा, दवाखाने, रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरायला घेतले होते. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला तेव्हा नकाशाचा पाया तयार होता. त्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी भर घातली आणि मदतकार्यात तो वापरला गेला. आपल्या भागाला भूकंप नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तब्बल ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. जुनं गाव एकीकडे, त्याच नावाचं नवं गाव दुसरीकडे. नकाशावर ते कसं दाखवायचं, हा एखाद्या परिषदेत मांडण्यासारखाच विषय आहे.

शहरातही विषय आहेतच. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली ६८ लिंगं शहराभोवती पसरलेली आहेत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला घरातले सगळे जातात, पण एका नकाशावर सगळी लिंगं नीट दाखवून द्या म्हटलं तर किती जणांना जमेल? पूर्व भागात एकाच गल्लीला मराठीत एक आणि तेलुगूत दुसरं नाव ऐकू येतं. अक्कलकोटच्या पुढच्या गावांना कन्नड उच्चार आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर एकाच जागेला प्रत्येक भाषेत वेगळं नाव देण्याची सोय आहे, मराठीचा रकाना स्वतंत्र आहे. तो भरायचा कुणी? पुण्या-मुंबईच्या कंपनीतला माणूस 'सात रस्ता'चं 'सेव्हन रोड्स' करून मोकळा होईल!

घरून एक प्रश्न हमखास येईल, 'नकाशे काढायला परवानगी लागते ना रे?' प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये केंद्रानं एका विधेयकाचा मसुदा आणला होता. त्यात परवानगीशिवाय भूस्थानिक माहिती गोळा करण्याबद्दल १०० कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. त्यावर बरीच टीका झाली आणि तो कायदा झाला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली. संवेदनशील जागांचे निर्बंध राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. लष्करी ठिकाणांच्या वाटेला जाऊ नका. माने वस्ती भरायला हरकत नाही.

आता पैशाचं. जागतिक फॉसफोरजीची विद्यार्थ्यांसाठी फी कमी असते, स्वयंसेवक म्हणून काम केलं तर अनेकदा प्रवेश मिळतो आणि प्रवासासाठी वेगळी मदत योजना आहे. स्टेट ऑफ द मॅपच्याही शिष्यवृत्त्या असतात. २०२६ ची जागतिक फॉसफोरजी जपानमध्ये हिरोशिमाला ठरली आहे. पासपोर्ट नसेल तर काढायला टाका. हिरोशिमाला जायचं म्हणून नाही, पण अर्ज भरताना तो रकाना रिकामा राहायला नको. भाषणासाठी आधी थोडक्यात गोषवारा पाठवायचा असतो आणि निवडीत लोकांच्या मतांचाही वाटा असतो. 'जीआयएसचे महत्त्व' असं शीर्षक दिलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही. 'पुराच्या आधी एका तालुक्यातल्या वस्त्यांची नावं आम्ही कशी गोळा केली' असं दिलंत, तर बघतील.

त्यासाठी आधी ती गोळा करायला हवीत. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे आहेत. केगावला आपल्या विद्यापीठात जिओइन्फॉर्मेटिक्स शिकवतात, तिथल्या पोरांना गाठा. मोबाईलवर ओपनस्ट्रीटमॅपचं एखादं अ‍ॅप घ्या, या शनिवारी गावी गेलात की आजोबांना गाडीवर मागे बसवा आणि एकेक वस्ती विचारत फिरा. नाव देवनागरीत लिहा. मग घरी येऊन तोच भाग दोन-तीन वेगवेगळ्या नकाशांत उघडा. एखाद्यात वेलांटी जागेवरून हललेली दिसली, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. परिषदेतल्या पहिल्या भाषणाची पहिली स्लाईड तीच.