फुकटच्या जमिनीचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आपल्याला शिकवले जाते की, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. कोणी काही घेतले, की कोणीतरी काही दिलेले असतेच. मग जी वस्तू सरकारने 'फुकट' वाटली, तिचे काय? तिची दुसरी बाजू कोणाच्या खात्यावर लिहायची? अमेरिकेने १८६२ साली आपल्या लोकांना फुकट जमीन देऊ केली. त्या जमिनीवर संसार मांडणाऱ्या एका आईच्या आयुष्याच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायदा पाहू. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी 'होमस्टेड कायद्या'वर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. होमस्टेड म्हणजे राहते घर आणि त्याच्या भोवतीची कसायची जमीन. वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला सरकारी जमिनीपैकी १६० एकरांपर्यंत जमीन आपल्या नावे नोंदवता येई. तेथे घर बांधायचे, पाच वर्षे राहायचे, जमीन लागवडीला आणायची, आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून हे सिद्ध करायचे, की मालकीचा कागद हाती पडे. सरकारी फी सगळी मिळून १८ डॉलर. हा कायदा १९७६ साली रद्द झाला. अलास्कात तो आणखी दहा वर्षे चालू होता. एकूण सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून जवळजवळ २७ कोटी एकर जमीन या कायद्याने मिळाली.

आपल्याकडच्या 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाची येथे आठवण होईल. परंतु फरक मोठा आहे. आपल्याकडे आधीच कसणाऱ्या कुळाला मालकी देण्याचा प्रश्न होता. तेथे नांगर कधीच न लागलेल्या माळावर माणसाला नेऊन बसवायचे होते. शिवाय 'कुटुंबप्रमुख' या शब्दात एक मेख होती. विधवा आणि अविवाहित स्त्रियांना स्वतःच्या नावे जमीन नोंदवता येई. नवऱ्याबरोबर नांदणारी स्त्री मात्र कुटुंबप्रमुख मानली जात नसे. म्हणजे ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरातली आई पाच वर्षे राबली तरी कागदावर तिचे नाव येण्याचा मार्ग सहसा नव्हता.

अशीच एक आई म्हणजे कॅरोलिन इंगल्स. तिची दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२ पासून आपल्या लहानपणावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली आणि त्यामुळे हे घराणे जगाला माहीत झाले. कादंबऱ्यांत काही घटना बदलल्या आहेत, काही गाळल्या आहेत. तरी मूळ नोंदींशी ताडून पाहिल्यास कॅरोलिनचे आयुष्य बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. तिचा जन्म १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये झाला. ती सहा वर्षांचीही नव्हती, तेव्हा वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून वारले. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. १८६० मध्ये चार्ल्स इंगल्सशी तिचे लग्न झाले. चार्ल्स कष्टाळू आणि हरहुन्नरी, पण पाय एका जागी न ठरणारा माणूस. त्यामुळे कॅरोलिनला 'नव्या संसाराची सुरुवात' एकदा नव्हे, अनेकदा करावी लागली.

१८६९ साली ही मंडळी कॅन्सासच्या माळावर आली. तेथे १८७० च्या ऑगस्टमध्ये तिसरी मुलगी कॅरी जन्मली. घरातली सारी माणसे हिवतापाने आडवी झाली, तेव्हा डॉ. जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले. १८७१ मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले. १८७४ मध्ये मिनेसोटात प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी गेले. तेथले पहिले घर म्हणजे दरडीत खणलेली एक खोली. छपरावर गवत वाढलेले. गहू कापणीला येण्याच्या सुमारास टोळधाड आली आणि हिरवे म्हणून काही उरले नाही. चार्ल्स मजुरीसाठी शेकडो मैल पूर्वेला पायी गेला, आणि लहान मुली, जनावरे व घर कॅरोलिनने एकटीने सांभाळले. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये तिला मुलगा झाला. नाव चार्ल्स फ्रेडरिक, लाडाने फ्रेडी. पुढच्या ऑगस्टमध्ये, दहा महिन्यांचाही होण्याआधी तो वारला. १८७७ मध्ये धाकटी ग्रेस जन्मली. १८७९ मध्ये थोरली मेरी मेंदूच्या आजारात दोन्ही डोळ्यांनी आंधळी झाली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

एवढे सोसून, १८८० च्या फेब्रुवारीत डाकोटा प्रांतातल्या डी स्मेट या नव्याने वसणाऱ्या गावाजवळ चार्ल्सने होमस्टेड कायद्याखाली जमीन नोंदवली. तेव्हा कॅरोलिन चाळीस वर्षांची होती.

आता जमाखर्चाकडे वळू. फी १८ डॉलर असली, तरी १८ डॉलरांत शेत उभे राहत नाही. नांगर, बैल किंवा घोडे, बियाणे, विहीर, घराचे लाकूड, आणि पहिले पीक येईपर्यंतचे धान्य हे भांडवल लागतेच. माळाची माती शतकानुशतकांच्या गवताच्या मुळ्यांनी विणलेली. पहिल्या वर्षी ती नुसती उलथून टाकण्यातच ताकद खर्ची पडे. म्हणजे खर्च पहिल्या दिवसापासून, उत्पन्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि तेही टोळ, गारपीट व अवर्षण यांनी ठेवले तर. हा मधला काळ काढायचा कसा? पुष्कळांना तो काढता आला नाही आणि ते जमीन सोडून निघून गेले. ज्यांना काढता आला, त्यांच्या घरी दोन गोष्टी दिसतात : पुरुषाची बाहेरची मजुरी आणि स्त्रीचे घरातले उत्पादन. चार्ल्सने रेल्वेच्या बांधकामावर हिशेबनीस व हजेरीनिशी ठेवणारा म्हणून नोकरी केली. कादंबरीत त्याचा पगार महिना ५० डॉलर सांगितला आहे. ही झाली वहीत दिसणारी जमा.

न दिसणारी जमा पाहा. पाव, लोणी, चीज, साबण, कपडे, गोधड्या, वाळवलेले व खारवलेले अन्न हे सारे घरात होई. बाजारातून आणायचे म्हटले असते, तर प्रत्येकाला रोख पैसे पडले असते. कोंबड्या आणि दूधदुभते बहुधा बाईकडेच असे, आणि अंडी व लोणी देऊन दुकानातून चहा, साखर, कापड आणण्याची पद्धत त्या माळांवर सर्वत्र होती. डी स्मेटला वस्ती करायला आलेल्या लोकांना राहायला जागा नव्हती, तेव्हा इंगल्स कुटुंबाने त्यांना पैसे घेऊन जेवण व रात्रीचा निवारा दिला. रांधणारे हात कॅरोलिनचे होते. तो पैसा मेरीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवला गेला, असे लॉरा सांगते. याखेरीज मुलींना लिहायला-वाचायला शिकवणे, आजारी माणसाची शुश्रूषा, शेजारणीच्या बाळंतपणाला धावणे हे आहेच. १८८०-८१ चा हिवाळा भयंकर होता. ऑक्टोबरातच बर्फाची वादळे सुरू झाली, रेल्वे बंद पडली ती मे महिन्यापर्यंत. गावात कोळसा संपला, पीठ संपले. तेव्हा या घरात गवताचे घट्ट पिळे करून जाळले जात, आणि कॉफी दळायच्या लहानशा यंत्रात पाळीपाळीने गहू दळून त्या भरड्याचा पाव केला जाई. हे काम दिवसभर चाले, कारण यंत्र लहान आणि माणसे पुष्कळ. या कामाची मजुरी कोणत्या दराने धरायची?

कॅरोलिनच्या ख्रिस्ती श्रद्धेचा विचार याच ठिकाणी करावा लागतो. श्रद्धा म्हणजे चमत्काराची वाट पाहणे, असा अर्थ तिच्या घरात दिसत नाही. तिच्या श्रद्धेची कामे साधी व रोजची होती. पहिले काम म्हणजे आठवड्याला आकार देणे. धुणे सोमवारी, लोणी गुरुवारी, भाजणे-शेकणे शनिवारी, असा प्रत्येक कामाला वार ठरलेला, आणि रविवारी विसावा. ज्या माळावर शेजार मैलभर दूर, तेथे आज कोणता वार आहे हे विसरणे सोपे असते. रविवारी स्वच्छ कपडे घालून बायबल वाचणे याचा अर्थ, आपण अजून माणसांत आहोत, असा होता. रोज राबणाऱ्या बाईला सातव्या दिवशी हक्काने हात थांबवायला मिळत, हाही एक ऐहिक फायदाच.

दुसरे काम म्हणजे माणसे जोडणे. त्या नव्या गावांत बँक, दवाखाना, विमा यांपैकी काही नसले तरी चर्चची मंडळी जमत. मिनेसोटात १८७४ साली चर्च स्थापन झाले, तेव्हा इंगल्स पतिपत्नी त्याच्या पहिल्या सभासदांत होती. डी स्मेटमधली सुरुवातीची उपासना तर १८८० च्या हिवाळ्यात त्यांच्याच राहत्या जागेत झाली, आणि त्याच वर्षी तेथे काँग्रिगेशनल पंथाचे चर्च स्थापन झाले. अशा चर्चमधून पूर्वेकडच्या मंडळींनी पाठवलेले कपड्यांचे व खाण्याचे पिंप येई. बायकांचे साहाय्यक मंडळ दहा सेंट वर्गणीचे मेळावे भरवून पैसा जमवी. त्या भयंकर हिवाळ्यात नाताळसाठी निघालेले पिंप मे महिन्यात पोहोचले आणि त्या घरात मे महिन्यातच नाताळ साजरा झाला, अशी हकीकत कादंबरीत आहे.

तिसरे काम सर्वांत अवघड, ते म्हणजे दुःख वाहणे. फ्रेडीचे मरण लॉराने कादंबऱ्यांत लिहिलेच नाही. एवढी मोठी मालिका, पण त्या बाळाला तिच्यात जागा नाही. यावरून घरातले दुःख किती खोल असेल, याची कल्पना करता येते. मेरीची दृष्टी प्रार्थनेने परत आली नाही. परंतु लहानपणी पाठ केलेली बायबलची वचने तिला डोळ्यांवाचून म्हणता येत होती, आणि आईने एवढ्यावर समाधान मानले नाही. आयोवा राज्यात व्हिंटन येथे अंधांसाठी कॉलेज होते. डाकोटा प्रांताने शिक्षणाची फी भरली; कपडे, प्रवास व वरखर्च कुटुंबाने उभा केला. लॉराने त्यासाठी दिवसाला २५ सेंटवर सदरे शिवले, पुढे शाळेत शिकवले. मेरी १८८१ मध्ये कॉलेजात गेली आणि १८८९ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. देवाने का नेले, हा प्रश्न त्या आईने विचारला असेल किंवा नसेल. उरलेल्यांसाठी काय करायचे, हे तिने ठरवले होते.

आता दुसरी बाजू. हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर तीही लिहिली पाहिजे. कॅन्सासमध्ये जेथे या कुटुंबाने घर बांधले, ती जमीन ओसेज या आदिवासी राष्ट्रासाठी राखलेली होती. तेथे वस्ती करण्याचा त्यांना कायदेशीर हक्क नव्हता. १८७० च्या कायद्याने ती जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकण्याचे ठरले आणि ओसेज लोकांना आजच्या ओक्लाहोमात हलावे लागले. त्यांच्याही आया होत्या, त्यांचीही मुले होती. कादंबरीतली आई मात्र त्यांच्याविषयी भीती व तिरस्कारच बोलते. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे वचन तिला पाठ असणार. पण शेजारी कोणाला म्हणायचे, ही व्याख्या तिने अपुरी ठेवली. सरकारने 'फुकट' दिलेल्या जमिनीची खरी किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली, त्यांत ओसेजांसारखी राष्ट्रे पहिली आणि वसाहतवाल्यांच्या बायका दुसऱ्या. दोन्हींचा आकडा कायद्याच्या कागदात नाही.

अर्थशास्त्रात आपण प्रा. पिगू यांचे एक उदाहरण शिकतो. एखाद्याने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले, तर काम तेवढेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण आता त्या कामाला पगार नाही. वर्गात आपण त्यावर हसतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. १९३४ मध्ये मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी यावर एक सोपी कसोटी सांगितली : जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते, ते घरात केले तरी उत्पादनच होय. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या वेळेच्या सरकारी पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च होतात, तर ते करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे आढळले. माळ बदलला, शतक बदलले. खाते तसेच कोरे आहे.

१८८६ मध्ये डी स्मेटच्या जमिनीची मालकी सिद्ध झाली, चार्ल्सच्या नावे. पुढच्याच वर्षी कुटुंब गावात राहायला गेले. कॅरोलिन १९२४ मध्ये वारली. चार्ल्सने त्या जमिनीवर बायको आणि चार मुली यांच्यासाठी एकेक असे पाच कॉटनवुडचे वृक्ष लावले होते. त्या घरात तिच्या नावाची नोंद झाली ती अशी.

आपल्यापैकी अनेकजण उद्या बँकेत, पतपेढीत, तहसील कचेरीत खुर्चीवर बसतील. आपल्यासमोर अर्ज येतील. त्यांत 'व्यवसाय : गृहिणी' आणि 'उत्पन्न : निरंक' असे लिहिलेले असेल. गोठ्यातले दूध, शेतातली भांगलण, घरातली पाच माणसांची भाकरी त्या एका 'निरंक' शब्दात मावलेली असेल, आणि शेताच्या उताऱ्यावर बहुधा दुसऱ्याचेच नाव असेल. अर्जाचा नमुना बदलणे आपल्या हातात नसेल. पण तो शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून, समोरच्या बाईला उताऱ्यावर तिचे नाव आहे का आणि नसल्यास ते लावायचे आहे का, एवढे विचारणे आपल्या हातात निश्चित आहे.