कट-आउट ॲनिमेशन, द्विमितीय खेळांतील

द्विमितीय संगणकीय खेळांतील पात्राचे डोके, धड, दंड, अग्रबाहू, मांडी, पोटरी यांसारखे अवयव सुटे काढून, ते सांध्यांशी जोडून आणि प्रत्येक चौकटीत केवळ त्यांचे स्थान व कोन बदलून पात्रास हालचाल देण्याचे तंत्र. परंपरागत पद्धतीत हालचालीच्या प्रत्येक टप्प्यासाठी संपूर्ण पात्र नव्याने रेखाटावे लागते. या तंत्रात पात्र एकदाच रेखाटले जाते. वाचलेले श्रम मात्र सर्वस्वी नाहीसे होत नाहीत. ते रेखाटनाकडून सांध्यांच्या मांडणीकडे वळतात. पात्र कोठे कापावे व कोठे जोडावे या निर्णयावर त्याला पुढे कोणत्या हालचाली करता येतील हे अवलंबून असते. म्हणून हा निर्णय या तंत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

पूर्वेतिहास : सपाट आकृतीचे भाग सांध्यांशी जोडून हलविण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. भारतातील छायाबाहुल्यांच्या परंपरांत या प्रश्नाची भिन्न उत्तरे आढळतात. ओडिशातील रावणछायेच्या बाहुल्या एकसंध असून त्यांना सांधे नसतात, तर आंध्र प्रदेशातील तोलू बोम्मलाटाच्या मोठ्या बाहुल्यांना खांदा, कोपर व गुडघा येथे सांधे असतात. जावा बेटावरील वायांग कुलित या प्रकारात बहुतांशी हातच हलते असतात. महाराष्ट्रात पिंगुळी (जि. सिंधुदुर्ग) येथील ठाकर समाजातील कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे.

चित्रपटात हे तंत्र लवकर आले. अर्जेंटिनातील किरीनो क्रिस्तियानी (१८९६–१९८४) यांनी १९१७ मध्ये पुठ्ठ्याच्या आकृत्या वापरून एल् आपोस्तोल हा दीर्घ चित्रपट केला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जर्मनीतील लोटे रायनिगर (१८९९–१९८१) यांचा राजपुत्र आखमेदच्या साहसांवरील छायाचित्रपट १९२६ मध्ये प्रदर्शित झाला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. काळ्या पुठ्ठ्याचे व शिशाच्या पातळ पत्र्याचे अवयव तारेने जोडून, खालून प्रकाशित केलेल्या काचेवर ते किंचित किंचित सरकवून त्यांचे वरून चित्रण केले जाई. साउथ पार्क या अमेरिकी मालिकेचा १९९७ मधील पहिला भाग कागदी कात्रणांनी तयार झाला. पुढील भागांत कागदाचा तोच आभास संगणकाने निर्माण करण्यात आला.

संगणकीय खेळांकडे हे तंत्र वळण्यास फ्लॅश या सॉफ्टवेअरचा मोठा हातभार लागला. १९९६ मध्ये फ्यूचरस्प्लॅश या नावाने आलेले हे साधन मॅक्रोमीडिया कंपनीने घेतले आणि २००५ मध्ये ते ॲडोबीकडे गेले. एकदा काढलेला अवयव अनेक ठिकाणी वापरण्याची व एका भागात दुसरा भाग बसविण्याची सोय त्यात होती. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तथापि त्याने रूढ केलेली कार्यपद्धती स्पाइन, ड्रॅगनबोन्स यांसारख्या स्वतंत्र साधनांत व गोडो या मुक्त स्रोत खेळयंत्रणेत पुढे चालू राहिली.

व्हेक्टर चित्र : या प्रकारातील पात्रे बहुधा व्हेक्टर पद्धतीने काढतात. या पद्धतीत चित्र रंगीत ठिपक्यांच्या जाळीने नव्हे, तर रेषा व वक्र यांच्या गणिती वर्णनाने साठविले जाते. नेहमीच्या वापरातील घन बेझिए वक्र चार बिंदूंनी निश्चित होतो : दोन टोके आणि वक्राची दिशा ठरविणारे दोन नियंत्रक बिंदू. हा वक्र फ्रान्समधील मोटारगाड्यांच्या अभिकल्पातून पुढे आला. रेनो कंपनीतील प्येर बेझिए (१९१०–९९) व सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्झो (१९३०–२०२२) यांनी त्यावर स्वतंत्रपणे काम केले. अशी आकृती कितीही मोठी केली, तरी तिच्या कडा फाटत नाहीत. मात्र खेळ चालू असताना प्रत्येक चौकटीत वक्रांची आकडेमोड करणे खर्चिक असल्याने अवयव बहुधा आधीच योग्य आकारमानाच्या ठिपक्यांच्या चित्रांत रूपांतरित करून एका सामाईक पत्रकावर दाटीने बसवितात.

या पद्धतीने होणारी बचत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पात्राच्या १२ क्रिया असून प्रत्येकीस ८ चित्रे लागतात व प्रत्येक चित्र २५६ × २५६ ठिपक्यांचे आहे, असे मानू. दर ठिपक्यास ४ बाइट धरल्यास ९६ चित्रांना सु. २·५ कोटी बाइट स्मृती लागेल. तेच पात्र सरासरी ६४ × ६४ ठिपक्यांच्या १५ अवयवांचे केल्यास सु. २·४६ लक्ष बाइट, म्हणजे जवळजवळ शंभरावा हिस्सा, पुरेल. शिवाय तेराव्या क्रियेसाठी नवीन चित्र लागत नाही. केवळ काही कोनांची नोंद करावी लागते.

सांधे व श्रेणी : प्रत्येक अवयवास एक सांधाबिंदू असतो व तो त्या बिंदूभोवती फिरतो. अवयवांची रचना मूळ व शाखा अशा श्रेणीने करतात. कंबर हे मूळ. तिच्याशी धड व मांड्या, धडाशी डोके व दंड, दंडाशी अग्रबाहू आणि अग्रबाहूशी पंजा जोडलेला असतो. मूळ अवयव फिरला की त्याच्या शाखा आपोआप त्याच्यासह फिरतात. खांदा उचलला की कोपर व मनगट वेगळे हलवावे लागत नाही.

सांधाबिंदू चुकीच्या जागी पडल्यास हात वाकताना कोपरापाशी फट दिसते किंवा कोपरा बाहेर येतो. यावर सोपा उपाय असा की, लगतच्या दोन्ही अवयवांची टोके समान त्रिज्येच्या अर्धवर्तुळांनी गोल करावीत आणि त्या दोन्ही वर्तुळांचे मध्य सांधाबिंदूवरच ठेवावेत. मग कोन कोणताही असला, तरी एक टोक दुसऱ्यावर अचूक बसते. पात्राला बाह्यरेषा असेल, तर दंड व अग्रबाहू या दोहोंच्या किंचित मोठ्या गडद आकृती आधी मागे रंगवाव्यात आणि नंतर दोहोंचे रंगीत भाग पुढे ठेवावेत. म्हणजे सांध्यावर आडवी रेघ उमटत नाही. रंगविण्याचा क्रमही ठरलेला असावा लागतो : पलीकडचा हात, पलीकडचा पाय, धड, डोके, अलीकडचा पाय व शेवटी अलीकडचा हात.

मूळ अवयव एकाच दिशेने ताणला किंवा दाबला असता त्यास जोडलेल्या व तिरप्या असलेल्या शाखा वेड्यावाकड्या होतात, ही नवशिक्यांना हमखास नडणारी बाब होय. म्हणून ताण व दाब शक्यतो ज्यांना पुढे शाखा नाहीत अशा अवयवांपुरते मर्यादित ठेवतात.

हालचालीची घडण : ॲनिमेटर क्रियेतील मोजक्या मुख्य स्थिती निश्चित करतो आणि मधल्या स्थिती संगणक अंतर्वेशनाने काढतो. चालण्याच्या प्रत्येक पावलाच्या चार मुख्य स्थिती मानतात : टाच टेकण्याची, शरीर खाली जाण्याची, एक पाय दुसऱ्याजवळून जाण्याची आणि शरीर वर उचलले जाण्याची. अंतर्वेशन समान वेगाने केल्यास हालचाल यंत्रवत दिसते. म्हणून आरंभी व अखेरीस वेग मंद ठेवतात. कोनांचे अंतर्वेशन जवळच्या मार्गाने व्हावे लागते. ३५०° वरून १०° कडे जाताना हात २०° फिरला पाहिजे. आकड्यांची केवळ वजाबाकी केल्यास तो उलट्या दिशेने ३४०° फिरतो.

पाऊल जमिनीवर स्थिर ठेवण्यासाठी उलट गणित करतात : पावलाची जागा आधी ठरवून गुडघ्याचा कोन काढतात. यास व्यस्त शुद्धगतिकी म्हणतात. मांडी व पोटरी प्रत्येकी ५० एकक आणि कंबर ते घोटा हे अंतर ८० एकक असल्यास, त्रिकोणाच्या कोज्या-नियमानुसार गुडघ्यातील कोन सु. १०६° येतो. गुडघा पुढे की मागे, अशी दोन उत्तरे संभवतात. त्यांपैकी एक आधीच ठरवावे लागते. पाय पूर्ण ताणलेला असताना अंतर १०० वरून ९९ झाले, तरी हा कोन १८०° वरून सु. १६४° वर येतो. कंबरेच्या एका एककाच्या हालचालीने गुडघ्यास असा झटका बसत असल्याने पाय कधीही पूर्ण सरळ न ठेवण्याची प्रथा आहे.

चालीचा व सरकण्याचा वेग जुळणेही तितकेच आवश्यक असते. पाऊल ६० एककांचे असून त्यास अर्धा सेकंद लागत असेल, तर पात्र सेकंदास १२० एकक पुढे गेले पाहिजे. खेळात ते १५० एकक जात असल्यास दर पावलास १५ एकक घसरते व बर्फावरून चालल्यासारखे दिसते. अशा वेळी चालीची गती सव्वापट करतात.

खेळाची विशेष गरज : चित्रपटात हालचाल केव्हा सुरू होणार हे दिग्दर्शक ठरवितो, खेळात ते खेळाडूच्या बोटावर असते. उडीपूर्वी गुडघे वाकविण्याची तयारी चित्रपटात शोभते. खेळात मात्र ती लांबली, तर कळ दाबूनही पात्र ऐकत नाही असे खेळाडूस वाटते. म्हणून पूर्वतयारी काही चौकटींपुरती आखडून वजनाचा प्रत्यय जमिनीवर पडल्यानंतरच्या दबण्यातून देतात. कट-आउट तंत्र येथे विशेष उपयोगी पडते : धावणे व थांबणे यांचे कोन कोणत्याही प्रमाणात मिसळता येतात, तसेच पाय धावत असताना कमरेच्या वरचा भाग चेंडू फेकू शकतो. टक्कर मोजण्यासाठी मात्र अवयवांच्या आकृती न वापरता एक साधा, स्थिर आयत वापरतात. अन्यथा हात हलविल्याने पात्र भिंतीत अडकेल.

मर्यादा : सपाट अवयवांचे पात्र प्रेक्षकाकडे वळू शकत नाही. बाजूचे दर्शन व समोरचे दर्शन यांसाठी वेगळे संच लागतात. पात्राची दिशा बदलण्यासाठी संपूर्ण आकृती आरशातल्याप्रमाणे उलटविली, तर उजव्या हातातील तलवार डाव्या हातात जाते आणि छातीवरील ‘अ’ हे अक्षर उलटे दिसते. चेहऱ्याचे भाव व पंजाच्या मुद्रा फिरविण्याने साधत नाहीत. त्यांसाठी डोळे, ओठ व पंजे यांची पर्यायी चित्रे बदलावी लागतात. अवयव जाळीत विभागून, त्या जाळीचे बिंदू एकाहून अधिक सांध्यांशी कमीअधिक प्रमाणात जोडल्यास कापड किंवा केस यांसारखे मऊ भाग वाकविता येतात. मात्र त्यामुळे तयारीचे काम वाढते.

मर्यादांचा स्वीकार हाच कधीकधी शैलीचा पाया ठरतो. १९९५ मधील रेमन या खेळातील नायकास दंड व मांड्याच नाहीत. त्याचे पंजे व पावले धडापासून सुटी तरंगतात. सांधेच नसल्याने सांध्यांची अडचण उरली नाही आणि पात्राला स्वतःची ओळख मिळाली. नवशिक्याने प्रथम डोके, धड व चार अवयव एवढ्याच भागांचे पात्र घेऊन त्याची चाल सिद्ध करावी, हा मार्ग म्हणूनच हिताचा ठरतो. अधिक सांधे म्हणजे अधिक जिवंतपणा नव्हे. प्रत्येक सांध्यास वेळ, वजन व हेतू द्यावा लागतो. तो न दिल्यास पंधरा अवयवांचे पात्रही कागदी राहते, आणि दिल्यास सहा अवयवांचे पात्रही सजीव भासते.