ब्रॉयलरच्या खाद्यातील अमिनो आम्ले

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या संगोपनात सुमारे दोन तृतीयांश खर्च खाद्यावर होतो आणि त्या खाद्यात प्रथिनांचा भाग विशेष महाग असल्याने, पक्ष्याला प्रथिने किती व कोणत्या स्वरूपात द्यावीत, यावर या व्यवसायाचा ताळेबंद मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. गेल्या काही दशकांतील पोषणशास्त्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर असे की, कोंबडीची खरी गरज प्रथिनांची नसून ती ज्या घटकांपासून बनतात त्या अमिनो आम्लांची असते.

प्रथिने सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनतात. त्यांपैकी काही आम्ले पक्ष्याचे शरीर स्वतः तयार करते, तर जी तयार करता येत नाहीत ती खाद्यातूनच मिळावी लागतात आणि त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. जुन्या छापखान्यात एखाद्या अक्षराचे खिळे संपले की बाकीची सर्व अक्षरे शिल्लक असूनही मजकुराची जुळणी जशी अडत असे, तशीच एका आवश्यक आम्लाचा तुटवडा पडताच शरीरातील प्रथिननिर्मिती अडते. असा तुटवडा ज्याचा सर्वांत आधी जाणवतो, त्याला मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात.

भारतातील ब्रॉयलर खाद्याचा पाया मका आणि सोयापेंड हा आहे. मक्यात प्रथिने जेमतेम ८ ते ९ टक्के असून त्यांत लायसिन कमी असते. सोयापेंडीत प्रथिने ४४ ते ४८ टक्के असून लायसिन भरपूर असते, परंतु मिथिओनिन हे गंधकयुक्त आम्ल अपुरे पडते. पिसांच्या वाढीसाठी सिस्टीन हे दुसरे गंधकयुक्त आम्ल मोठ्या प्रमाणात लागते आणि ते शरीरात मिथिओनिनपासूनच बनत असल्याने, अशा खाद्यात मिथिओनिन हे पहिले, लायसिन दुसरे आणि थ्रिओनिन बहुधा तिसरे मर्यादक आम्ल ठरते.

ही उणीव केवळ सोयापेंड वाढवून भरून काढली, तर नको असलेली इतर आम्लेही वाढतात. शरीर त्यांचा साठा करू शकत नसल्याने ती मोडली जातात, त्यांतील नत्र युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेतून बाहेर पडते, पक्षी अधिक पाणी पितो, शेडमधील गादी ओलसर होते आणि तीतून सुटणारा अमोनिया पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रास देतो. आम्ले मोडताना निर्माण होणारी जादा उष्णता विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विशेष जाचक ठरते.

यावरचा उपाय म्हणजे उणे पडणारी आम्लेच शुद्ध स्वरूपात मिसळणे. लायसिन व थ्रिओनिन साखरेवर वाढणाऱ्या जीवाणूंच्या किण्वनातून मिळवतात, तर मिथिओनिन मुख्यतः रासायनिक प्रक्रियेने बनते. मिश्रणाचे प्रमाण ठरवताना पचनयोग्य लायसिन १०० मानले जाते आणि त्याच्या तुलनेत मिथिओनिन व सिस्टीन मिळून सुमारे ७५, तर थ्रिओनिन ६५ ते ६८ ठेवले जाते. या संतुलनाला आदर्श प्रथिन असे म्हणतात. एक टन खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण एका टक्क्याने उतरले, तर प्रथिने १० किलोंनी आणि नत्र १.६ किलोने कमी होते. म्हणजेच सोयापेंडीची बचत आणि हवा-पाण्याचे रक्षण एकाच वेळी साधते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयापेंडीच्या भाववाढीमुळे केंद्र सरकारला १२ लाख टन जनुकीय सुधारित पेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली होती, हे लक्षात घेतले की या बचतीचे महत्त्व कळते.

या पद्धतीलाही सीमा आहे. प्रथिने फार कमी केल्यास व्हॅलिन, आर्जिनिन, ग्लायसिन यांची उणीव पुढे येते, वाढ मंदावते आणि अंगात चरबी साठते. त्याचबरोबर हेही स्पष्ट असावे की ही आम्ले संप्रेरके किंवा प्रतिजैविके नव्हेत. डाळीत आणि धान्यात असणारेच हे पोषक घटक आहेत, आणि ब्रॉयलरच्या जलद वाढीमागे पिढ्यान्‌पिढ्यांची निवड पैदास, संतुलित खाद्य व काटेकोर व्यवस्थापन असते. खाद्याच्या पोत्यावरील प्रथिनांची टक्केवारी नत्राचे मोजमाप ६.२५ने गुणून काढलेली असते, त्यामुळे त्या प्रथिनांत कोणती आम्ले आहेत हे तिच्यावरून समजत नाही; म्हणून खाद्य निवडताना पोल्ट्रीधारकाने पचनयोग्य लायसिन, मिथिओनिन आणि थ्रिओनिन यांचे आकडे मागून घेणे हेच पक्ष्याच्या आणि स्वतःच्याही हिताचे आहे.