अभिस्तर ऊती

अभिस्तर ऊती ही मानवी शरीरातील चार मूलभूत ऊतींपैकी एक होय. उरलेल्या तीन म्हणजे संयोजी, स्नायू व चेता ऊती. त्वचेचा बाह्य थर, पोकळ अवयवांचे आतील अस्तर आणि बहुतेक ग्रंथी अभिस्तर ऊतीच्या बनलेल्या असतात. हिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असून त्यांच्यामधील द्रव्य अत्यल्प असते. पेशींच्या तळाशी आधारपटल नावाचा पातळ थर असतो. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू व पोषकद्रव्ये खालच्या संयोजी ऊतीतील केशवाहिन्यांमधून विसरणाने आधारपटलापार येतात.

वर्गीकरण

पेशींचा एकच थर असल्यास अभिस्तर सरल, अनेक असल्यास स्तरित म्हणतात. पेशींच्या आकारावरून पट्टकी, घनाभरूप व स्तंभीय असे प्रकार पडतात. फुप्फुसातील वायुकोशांचे अस्तर सरल पट्टकी असते, कारण वायूंची देवघेव होण्यासाठी भिंत पातळ हवी. आतड्यात शोषणासाठी स्तंभीय पेशी असतात. स्तरित अभिस्तराचे नाव मात्र सर्वांत वरच्या थरावरून ठरते. त्वचेच्या तळच्या पेशी चपट्या नसतात, तरीही ती स्तरित पट्टकीच म्हणवते. श्वासनलिकेत प्रत्येक पेशी आधारपटलाला टेकलेली असते, पण केंद्रके वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याने अनेक थरांचा भास होतो. म्हणून त्या अभिस्तराला छद्मस्तरित म्हणतात.

काचपट्टीवरील ओळख

हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंजकांनी केंद्रके निळी-जांभळी आणि पेशीद्रव्य गुलाबी दिसते. पेशींच्या सीमा बहुधा स्पष्ट नसतात, त्यामुळे केंद्रकांवरूनच आकार ताडावा लागतो: चपटे केंद्रक पट्टकी पेशीचे, गोल घनाभरूप पेशीचे, उभे लंबगोल स्तंभीय पेशीचे. छेद तिरपा गेल्यास सरल अभिस्तरही स्तरित भासतो. अशा वेळी त्याच काचपट्टीवर काटकोनात छेदला गेलेला भाग शोधणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

रूपांतर व कर्करोग

दीर्घकाळ त्रास होत राहिल्यास अभिस्तराचा प्रकार बदलू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वसनमार्गात रोमक पेशींच्या जागी स्तरित पट्टकी अभिस्तर येतो. तो अधिक चिवट असला तरी त्याला रोमके नसतात. परिणामी श्लेष्मा वर लोटला जात नाही आणि तो बाहेर टाकण्यासाठी खोकल्यावर अवलंबून राहावे लागते.

अभिस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाला कार्सिनोमा म्हणतात. बिघडलेल्या पेशी आधारपटलाच्या वरच असतील तोवर तो स्वस्थानी मानला जातो. अभिस्तरात रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या नसल्याने या टप्प्यात त्या पेशींना दूरच्या अवयवांत जाण्यास वाट नसते. केवळ तेवढा भाग काढल्याने रुग्ण सहसा बरा होतो. पटल भेदले गेले की उपचारांचे स्वरूप बदलते. गर्भाशयमुखाच्या अभिस्तरात कर्करोगापूर्वीचे बदल अनेक वर्षे टिकू शकतात आणि जॉर्ज पापानिकोलाउ यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅप चाचणी याच काळात उपयोगी पडते. मात्र तिच्यात सुट्या पेशीच मिळतात, आधारपटल दिसत नाही. ते शाबूत आहे की नाही, हे ऊतीचा तुकडा काढून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच ठरवता येते.