पिल्सनरला पन्नासपैकी किती?

अमेरिकेतली क्राफ्ट बिअर जगभर गाजली ती आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’मुळे. भरपूर हॉप्स, नाकात शिरणारा सुगंध, जिभेवरून हटत नाही असा कडूपणा. पण तिथल्या ब्रूअरचा हात पारखायचा, तर त्याची पिल्सनर चाखावी. आयपीएतल्या हॉप्सच्या माऱ्यापुढे बारीकसारीक दोष खपून जातात; पिल्सनरमध्ये फिकट माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढंच असतं. जरा बिनसलं तरी ते पहिल्या घोटातच कळतं.

ही बिअर मूळची बोहेमियातल्या पिल्सेनची. योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ती तिथे १८४२ मध्ये पहिल्यांदा बनवली. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी तांदूळ-मका घालून तिची धार पार घालवली होती. क्राफ्टवाल्यांनी ती परत आणली, हे त्यांचं मोठं काम. पेन्सिल्व्हेनियातल्या व्हिक्टरीची ‘प्रिमा पिल्स’ जर्मन हॉप्सवर उभी आहे. कॅलिफोर्नियातल्या फायरस्टोन वॉकरच्या ‘पिव्हो’ची प्रेरणा ‘टिपोपिल्स’ या इटालियन पिल्सनरची. ‘पिव्हो’त आंबवण्याच्या टप्प्यानंतरही ‘सफीर’ हॉप्स घालतात, त्यामुळे ग्लास नाकाशी नेताच फुलांचा, लिंबाच्या सालीचा वास येतो.

परीक्षणाची अमेरिकेत रुजलेली पद्धत ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची. एकूण गुण ५०: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. सोनेरी रंग आणि पांढराशुभ्र फेस कितीही मोहक असला, तरी त्यावर तीनच गुण मिळतात. परीक्षक बिअर ओतल्या ओतल्या आधी वास घेतो, कारण काही वास क्षणात उडून जातात. मग घोट. सुरुवातीला पावाच्या कवचासारखा माल्ट, मागून हॉप्सचा कडूपणा, शेवट कोरडा. हा कडूपणा गिळल्यावर कसा टिकतो तेही बघायचं असल्याने घोट थुंकत नाहीत.

दोषांची ओळख नाकालाच करून द्यावी लागते. उकडलेल्या मक्याचा वास आला, तर कारण डायमिथाइल सल्फाइड. पिल्सनरचा माल्ट फार हलका भाजलेला असल्याने त्यात या वासाचं मूळ द्रव्य जास्त उरतं. म्हणून कितीतरी ब्रूअर माल्टचा काढा झाकण न लावता तब्बल ९० मिनिटं खळखळून उकळतात. बाटलीवर ऊन पडलं की हॉप्समधली द्रव्यं बिघडून उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच हिरव्या काचेपेक्षा उन्हाला चांगली अडवते. लोण्याचा वास मात्र पेचात टाकतो. जर्मन धाटणीच्या पिल्सनरमध्ये तो सरळ दोष. चेक धाटणीत अगदी पुसट असेल तर चालतो. बिअर कोणत्या गटात उतरली आहे हे ठाऊक नसलेला परीक्षक इथे हमखास अन्याय करतो.

घरी चाखताना कॅनला तोंड लावू नये. स्वच्छ, तेलकटपणा नसलेला ग्लास घ्यावा, नाहीतर फेस बसतो. बिअर साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअसला असावी. फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाळ मगात वास दबतो, आणि पन्नासातले बारा गुण तर वासाचेच आहेत.